कॅमेऱ्यामागचे प्रशिक्षण: प्रमाणपत्रानंतरच्या सहा महिन्यांचा हिशेब मागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वंचित वस्त्यांतल्या मुलामुलींना चित्रपट, मालिका आणि रंगभूमीच्या क्षेत्रात काम मिळावे म्हणून कुठे ना कुठे मोफत अभ्यासक्रम सुरू झाल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात येत असतात. असे अभ्यासक्रम हवेतच. फक्त त्यांच्यासाठी दिलेला पैसा जिथे संपतो, नेमकी तिथूनच मुले गळायला लागतात. वर्ग चालू असतो तोवर मूल टिकते. प्रमाणपत्र हातात पडल्यावर पहिले पैसे मिळेपर्यंत जे पाच-सहा महिने जातात, त्यात ते कुरिअरच्या किंवा डिलिव्हरीच्या कामाला लागते. ध्वनी, प्रकाश, डेटा (म्हणजे चित्रित फायली सांभाळणे) आणि नेपथ्याची कामे शिकवणारे आम्ही काही जण हे सातत्याने पाहतो आहोत. त्यावर करण्याजोगे बरेच आहे, म्हणून हे पत्र.

आधी हे असे का झाले ते पाहू. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम पडेल ते काम करत शिकले. दामले आणि फत्तेलालही तिथलेच. या मंडळींनी १९२९ मध्ये प्रभात काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला नेली. त्या काळी कंपन्यांत माणसे महिन्याच्या पगारावर असत, त्यामुळे नवखा मुलगा पगारातच शिकत असे. प्रभातच्या त्याच जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. पण स्टुडिओंची पगारी व्यवस्था मोडल्यावर हाताखाली शिकण्याची सोय गेली, ती परत आली नाही. आज निर्मिती संस्थेत कायम नोकरीवर मोजकी माणसे असतात आणि बाकीचे सगळे त्या त्या कामापुरते घेतलेले. अॅप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे, असे तो सांगतो. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार देते. कारखान्यात हे चालते. सेटवर शंभर माणसे दिसत असली तरी निर्मात्याच्या हजेरीपटावर तीस भरत नाहीत, आणि कायदा दाराबाहेरच थांबतो.

मग आत कोण शिरते? ज्याचा मामा लाईटमन, ज्याचे वडील सेटिंगमध्ये, ज्याच्या शेजारी कॅमेरा अटेंडंट राहतो तो. ज्याचे कोणीच नाही त्याच्यासाठी हा मामा होण्याचे काम प्रशिक्षण संस्थेने करायला हवे. ते केवळ शिकवून होत नाही.

आता शिकवण्याबद्दल. मोफत अभ्यासक्रमांचा कल अभिनय, दिग्दर्शन आणि कॅमेऱ्याकडे असतो, कारण मुलांना तेच हवे असते आणि जाहिरातीतही तेच छान दिसते. पण एका युनिटमध्ये दिग्दर्शक एक आणि छायाचित्रणकार एक. सहायकांची गरज असते ती ध्वनी, डेटा, प्रकाश, कला, वेशभूषा, रंगभूषा आणि प्रॉडक्शन या विभागांत. तिथे इंग्रजी फाडफाड बोलावे लागत नाही, ओळखीपेक्षा हाताची सफाई लवकर लक्षात येते आणि एकदा माणूस विश्वासाचा ठरला की पुढच्या कामाला त्याला बोलावतात. मुलांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. स्वप्न दाखवून प्रवेश भरणे सोपे असते, पण त्याची किंमत मूल मोजते.

तुकडी किती मोठी असावी, याचा साधा हिशेब आहे. तीस मुले, एक कॅमेरा, तीन तासांचा वर्ग, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटे. सहा मिनिटांत हात बसत नाही. बारा मुले आणि तीन संच असतील तर एका संचावर चौघे येतात. ध्वनीच्या वर्गात हे अगदी नेमके जुळते: एक रेकॉर्डरवर, एक बूमवर (लांब दांड्याच्या माइकवर), एक लेपल माइक (कपड्यांत लपवायचा छोटा माइक) लावायला, एक साउंड रिपोर्ट लिहायला. दर पाऊण तासाने कामे बदलायची. त्याच तीन तासांत चौघांच्याही हाताखालून चारही कामे जातात.

आणि शिकवायचे काय, तर सेटवर पहिल्या आठवड्यात जे अंगावर येते ते. बूम धरण्याचेच बघा. दांडा डोक्यावर धरून आठ मिनिटे स्थिर उभे राहणे हा आधी व्यायाम आहे, मग तंत्र. दोन मिनिटांपासून सुरुवात करून रोज वाढवत न्यावे लागते. माइकचे तोंड बोलणाऱ्याच्या ओठ आणि छातीच्या मधोमध रोखलेले, अंतर दीड ते दोन फूट, आणि तरीही फ्रेमच्या बाहेर. त्यासाठी बूममनला कॅमेऱ्यावर कोणती लेन्स आहे हे विचारावे लागते आणि बूमची सावली कोणत्या दिव्यामुळे भिंतीवर पडते ते ओळखावे लागते. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. संवादाची सरासरी पातळी उणे वीस डेसिबलच्या आसपास, ओरडण्याचे शिखर उणे दहाच्या वर जाऊ द्यायचे नाही. आकडे पाठ करून हे येत नाही. एकच प्रसंग तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर ध्वनिमुद्रित करून हेडफोनने ऐकवला, की एकाच दुपारी समजते.

मराठी मालिकांच्या सेटवर लेपल माइकचे स्वतःचे प्रश्न आहेत. नायिकेचे मंगळसूत्र माइकवर आपटते. स्टार्च केलेली सुती साडी चुरचुरते, सिंथेटिक साडी त्याहून वाईट. बांगड्या तर प्रत्येक हातवाऱ्याला वाजतात. उपाय असा: टेपची त्रिकोणी घडी करून, चिकट बाजू बाहेर ठेवून, एक माइकच्या पुढे आणि एक मागे लावायची. म्हणजे कापड माइकवर घासत नाही, माइकबरोबर हलते. वायरला माइकखाली एक छोटा वेढा देऊन तो टेपने धरायचा, म्हणजे ओढ बसली तरी आवाज येत नाही. मंगळसूत्राच्या वाट्या ब्लाउजला आतून टेपने अडकवता येतात, पण ते काम वेशभूषेच्या माणसाला सांगून करायचे, परस्पर नाही. ट्रान्समीटरची बॅटरी जेवणाच्या सुटीत न विचारता बदलायची. आणि माइक लावण्यापूर्वी कलाकाराला काय करणार आहोत ते सांगून होकार घ्यायचा. या विभागात मुली आल्या तर हा सगळा प्रकार स्त्री कलाकारांना किती सुसह्य होतो, हे कोणत्याही सेटवर विचारून पाहावे.

प्रसंग संपला की त्या जागेची शांतता तीस सेकंद मुद्रित करायची असते, सगळे युनिट जागच्या जागी उभे राहून. नवखा सहायक हे विसरतो किंवा सांगायला लाजतो, आणि पुढे संकलनात दोन संवादांमधली पोकळी भरायला काही उरत नाही. पंखा, एसी, फ्रिज आधीच बंद केलेले असतात. फ्रिज बंद करताना आपला मोबाइल किंवा किल्ली त्यात ठेवायची, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायची आठवण राहते. दुसऱ्याच्या घरात चित्रीकरण करणाऱ्याला हे माहीत असावेच.

डेटाचे काम बाहेरून हलके वाटते आणि सगळ्यात महाग चुका तिथेच होतात. १२८ जीबीचे कार्ड साध्या फिरत्या हार्डडिस्कवर सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने उतरवायला एकवीस-बावीस मिनिटे लागतात. उतरवलेले बरोबर आहे का याची चेकसमने (मूळ फाइल आणि प्रत तंतोतंत जुळतात का हे तपासणाऱ्या आकड्याने) पडताळणी करायची तर जवळजवळ तेवढीच पुन्हा. म्हणजे एका कार्डाला पाऊण तास. सेटवर मात्र दहा मिनिटांत कार्ड परत मागतात. मुलगा घाबरून फायली नुसत्या ओढून टाकतो, पडताळणी सोडतो आणि कार्ड परत करतो. इथे शिकवायला हवे ते ‘अजून अर्धा तास’ असे ठामपणे सांगणे, आणि ते सांगावे लागू नये म्हणून सकाळीच किती कार्डे लागतील हे मोजून ठेवणे. भरलेल्या कार्डाला टेप. दोन वेगळ्या डिस्कवर दोन प्रती. फॉरमॅट फक्त कॅमेऱ्यातच, आणि दुसऱ्या प्रतीची पडताळणी झाल्याची लेखी नोंद असल्याशिवाय मुळीच नाही. हा नियम वर्गात रोज पाळायला लावला तर सेटवर तो आपोआप पाळला जातो.

प्रकाश विभागात पहिला धडा विजेचा, कलेचा नंतर. २३० व्होल्टवर दोन किलोवॅटचा टंगस्टन दिवा पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. बंगल्यातल्या पंधरा अँपिअरच्या एका प्लगवर असे दोन दिवे लावले की साडेसतरा होतात आणि ट्रिप होते. ट्रिप झाले नाही तर वायर तापते, ते जास्त वाईट. केबलचे रीळ पूर्ण उलगडूनच वापरायचे, गुंडाळलेले रीळ आतल्या आत तापते. हॅलोजनच्या बल्बला उघडे बोट लावायचे नाही, त्वचेचे तेल काचेवर राहते, तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब फुटतो. कटर किंवा स्किमर (प्रकाश अडवणारे वा मऊ करणारे पडदे) लावलेल्या सी-स्टँडचा, म्हणजे तीन पायांच्या स्टँडचा, उंच पाय वजनाच्या दिशेने, आणि त्यावर वाळूची पिशवी. एलईडी दिव्यांमुळे लोड कमी झाला हे खरे, पण मोठ्या रात्रीच्या चित्रीकरणाला आजही जनरेटर व्हॅन येते आणि अर्थिंग नसलेल्या लाईनवर पावसात काम करायची वेळ येते. अशा वेळी नाही म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे प्रशिक्षणातच मुलांच्या मनावर ठसवायला हवे. गरीब घरचा मुलगा काम जाईल या भीतीने कधीच नाही म्हणत नाही.

संकलनाकडे वळणाऱ्यांसाठी मराठी मुलांच्या हक्काचे एक काम आहे, ते म्हणजे मराठी उपशीर्षके आणि पडद्यावरचा मराठी मजकूर. सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपीचा पर्याय निवडला नाही तर जोडाक्षरे तुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार हरवतात. हे पकडायला शुद्धलेखन येणारा डोळा लागतो. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलीकडे तो असतो, आणि तिला तो आजवर कोणी भांडवल म्हणून मोजून दाखवलेला नसतो.

मुलींबद्दल आणखी एक. हिंदी चित्रपटसृष्टीत रंगभूषाकार म्हणून स्त्रियांना संघटनेचे कार्ड देत नसत. केशभूषा त्यांनी करावी, रंगभूषा पुरुषांनी, असा दंडक वर्षानुवर्षे चालला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. दार कायद्याने उघडले, तरी रात्री अकराला मढ किंवा नायगावहून मानखुर्दला घरी कसे पोहोचायचे हा प्रश्न कायद्याने सुटत नाही. लोकलचा पास असला तरी सेट ते स्टेशन रिक्षाच, आणि मध्यरात्रीनंतर भाडे सव्वापट. घरी सोडायला गाडी आहे की नाही, स्वच्छतागृह कुठे आहे, तक्रार कोणाकडे करायची, हे काम स्वीकारण्यापूर्वी विचारायची यादी मुलीच्या मोबाइलमध्ये असावी. निर्मिती संस्थेत अंतर्गत समिती नसेल तर २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते, हेही तिला ठाऊक असावे.

आता त्या सहा महिन्यांकडे. मालिका आणि जाहिरातींच्या कामात नव्वद दिवसांनी पैसे देण्याची पद्धत मुरलेली आहे. काम जूनमध्ये, बिल महिनाअखेरीस, पैसे ऑक्टोबरात. तोवर प्रवास, जेवण आणि घरचे भागवायचे कशातून? शिवाय पॅन कार्ड नाही, बँक खाते आईच्या नावावर, बिल कसे लिहायचे माहीत नाही, यात आणखी महिना जातो. टीडीएस कापला जातो आणि विवरणपत्र न भरल्याने तो परत मागितलाच जात नाही. प्रशिक्षणाच्या पहिल्या पंधरवड्यातच पॅन, स्वतःचे खाते आणि बिलाचा नमुना तयार करून द्यावा. कामाआधी तारीख, दर, तास आणि पैसे देण्याची मुदत लेखी घ्यायची सवय लावावी, निदान मोबाइलवरच्या संदेशात तरी. सिनेकामगारांशी लेखी करार करण्याची अट १९८१ च्या कायद्यापासून आहे, त्यामुळे मागणाऱ्याने संकोच करण्याचे कारण नाही.

पण मुख्य उपाय फिरत्या निधीचा. मुलाने काम केले की संस्थेने त्याला दर आठवड्याला पैसे द्यावेत आणि नव्वद दिवसांनी निर्मात्याचे पैसे आले की ती रक्कम निधीत परत जमा करावी. बारा मुलांची तुकडी, दरमहा बारा हजार, तीन महिने: ४ लाख ३२ हजार रुपये. हा खर्च नव्हे, बुडीत रक्कम सोडली तर तोच पैसा पुढच्या तुकडीला वापरता येतो. बिलाच्या वसुलीसाठी संस्थेचा माणूस फोन करतो तेव्हा, एकट्या एकोणीस वर्षांच्या मुलाने केलेल्या फोनपेक्षा उत्तर लवकर मिळते, हा दुसरा फायदा. याच काळात संघटनेचे कार्ड काढायला एकरकमी प्रवेश शुल्क लागते. तेही या निधीतून हप्त्याने फेडण्याच्या बोलीवर देता येईल.

सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी देणाऱ्या कंपन्या आम्हाला सांगतात की ३१ मार्चला वर्ष बंद होते, पुढचे सहा महिने आम्ही कसे धरणार? नियमात ‘चालू प्रकल्प’ अशी तरतूद आहे आणि असा प्रकल्प सुरुवातीचे वर्ष सोडून पुढची तीन आर्थिक वर्षे चालू शकतो. तेव्हा ही अडचण सोडवता येण्याजोगी आहे. देणगीदारांनी ‘किती जणांना प्रशिक्षण दिले’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी किती जण कोणत्या विभागात पैसे मिळवून काम करत आहेत’ हे विचारावे. वार्ताहरांनीही समारंभाच्या बातमीनंतर वर्षभराने हाच प्रश्न घेऊन परत जावे, ही विनंती.

राज्य सरकारकडे दोन मागण्या. २०२४ साली आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार विद्यावेतन ठरले. दहावी नापास किंवा दहावीनंतर शाळा सुटलेला मुलगा त्यात बसतच नाही, आणि आमच्या वर्गात तोच जास्त असतो. सेटवरच्या कामांसाठी शिक्षणाची अट सोडून हाताच्या कामाची चाचणी ठेवावी. पंधरा मीटर केबल पीळ न पडता गुंडाळणे, दोन ध्वनिमुद्रणांतला दोष ओळखणे, कॉलशीट वाचून कोणी किती वाजता कुठे यायचे ते सांगणे, एवढे अर्ध्या दिवसात तपासता येते. दुसरी मागणी: मराठी चित्रपटांना अनुदान मिळते, त्याला दोन पगारी शिकाऊ सहायक घेण्याची अट जोडावी आणि अनुदानाचा शेवटचा हप्ता त्यांचे पैसे चुकते झाल्याच्या पावतीवर द्यावा.

मुंबईबाहेरच्या मुलांनी मुंबईलाच यावे असेही नाही. मालिकांची चित्रीकरणे वाई-साताऱ्याकडे होतात, कोल्हापूरला चित्रनगरी आहे. प्रत्येक बाहेरगावच्या चित्रीकरणाला सहायक मुंबईहून नेण्याचा राहण्या-जेवणाचा खर्च पडतो. स्थानिक तयार माणूस मिळाला तर निर्मात्यालाही तो हवाच असतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा परिसरात झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर हंगामभर रात्र-रात्र प्रयोग करतात, त्यांना ध्वनी आणि प्रकाशाची माणसे लागतात. तिथल्या मुलांना हंगामाआधी पावसाळ्यात शिकवले तर शिकणे आणि कमावणे यांत अंतर राहत नाही. रंगभूमीचा एक मोठा गुण असा की बॅकस्टेजच्या माणसाला नाईट (प्रयोगाचे मानधन) बहुतेक वेळा प्रयोगामागे मिळते, नव्वद दिवस थांबावे लागत नाही.

त्यासाठी नवी इमारतही नको. नगरपालिका-महापालिकांच्या नाट्यगृहांत दिव्यांचे बार, डिमर, ध्वनियंत्रणा आणि रंगमंच सगळे आधीच आहे, आणि आठवड्यातल्या कितीतरी सकाळी ती बंद असतात. मंगळवार ते गुरुवार सकाळी आठ ते बारा ही वेळ प्रशिक्षणासाठी भाडे न घेता द्यावी. वीजबिल आणि नाट्यगृहाच्या तंत्रज्ञाचे मानधन प्रशिक्षण संस्थेने भरावे. हा ठराव महापालिकेच्या एका सभेत होऊ शकतो. ज्यांच्या शहरात असे नाट्यगृह आहे त्या वाचकांनी आपल्या नगरसेवकाकडे तो मागावा.

आपले,
चित्रीकरण व रंगमंच तंत्राचे काही प्रशिक्षक,
मुंबई